धागा अडला की पाय उचला

'पोटात दुखतंय' हे वाक्य आपल्या घरांत इतक्यांदा कानावर पडतं की ते ऐकूनही आपण हातातलं काम सोडत नाही. परीक्षेच्या दिवशी दुखतं, पाहुणे यायच्या दिवशी दुखतं, आणि घरात मुलगी वयात आलेली असली की मग तर विचारायलाच नको. कारण आपल्याला आधीच ठाऊक असतं, निदान आपल्याला तसं वाटतं.

त्या घरातही गुरुवारी सकाळी असंच झालं.

घर दोन खोल्यांचं होतं. पुढच्या खोलीत सहा शिलाई मशिनं आणि मागच्या खोलीत संसार. घरच्या बाईला सगळे मास्तरीण म्हणत, कारण कापड बेतावं आणि शिवण शिकवावं तर तिनेच. तिच्या हाताखाली पाच जणी शिवत. नवी बाई आली की तिचा पहिला धडा ठरलेला असे. मशिनचा आवाज जरा बदलला, धागा अडल्यासारखा वाटला, की ती जागेवरूनच हाक द्यायची, "आधी पाय उचला, मग बघा काय झालंय ते." अडलेल्या धाग्यावर मशीन दामटलं तर खाली गुंता होतो, सुई मोडते आणि चांगलं कापड हातचं जातं. पाच मशिनं धडधडत असताना त्यातलं कोणतं कुरकुरतंय ते तिला पाठ फिरलेली असतानाही कळत असे.

तिची एकुलती लेक चौदा वर्षांची. एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं, म्हणून घरात तिचं नाव भिंगरी पडलं होतं. ही भिंगरी त्या सकाळी वेणी घालता घालता अर्ध्यातच खाली बसली.

"आई, इथे दुखतंय. एकदम आलं." तिचा हात बेंबीच्या खाली, उजव्या अंगाला होता.

मास्तरणीने मुलीकडे नाही, दाराकडे पाहिलं. दारामागे कॅलेंडर होतं आणि त्यावर लेकीच्या पाळीची तारीख ती लाल पेन्सिलीने गोल करून ठेवत असे. सवय चांगलीच होती, तिला नावं ठेवायचं कारण नाही. गोल शनिवारवर होता.

"दोन दिवस आधी आली वाटतं. गरम पाण्याची पिशवी घे आणि पड. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच दुखतं."

मुलीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात पुढून कोणीतरी उलटी लागलेली कॉलर दाखवायला आलं आणि मास्तरीण उठली. शनिवारी शाळेच्या गणवेशांची मोठी खेप द्यायची होती.

थोड्या वेळाने भिंगरीला उलटी झाली. गणिताचा पेपर दिसतोय आज, असं एक जण मशिनवरून म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आतून भिंगरीही क्षीण हसली. दुपारी कळ ओसरली, तिने चार घास खाल्ले. म्हटलं नव्हतं का, असं आईने ऐकवलं. संध्याकाळी कळ पुन्हा उठली. बापाची बसवरची ड्यूटी संपली होती. घरात पाय टाकताच त्याने विचारलं, हिला काय झालंय?

"बायकांचं आहे," मास्तरीण म्हणाली.

या दोन शब्दांपुढे भल्याभल्या पुरुषांची वाचा बसते. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर जाऊन बसला.

शुक्रवारी भिंगरी काही बोललीच नाही. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मुलगी गप्प आहे म्हणजे दुखणं कमी आहे, असा मास्तरणीने हिशेब केला. सोसणारं माणूस दमलं की तेही गप्पच होतं, हे तिला सुचलं नाही.

चारच्या सुमाराला काजवाली मावशी आली. ती आपल्या घरी बसून काजं आणि बटणं करून द्यायची. सदऱ्यांचं गाठोडं खाली ठेवून ती पाणी प्यायला आत गेली, ती तिथूनच हाक मारत बाहेर आली.

"पोरीचा रंग बघितलास का गं? उशीच्या अभ्र्यासारखी पांढरी पडलीये."

"पाळीचं आहे, मावशी. आपण नाही का सोसलं?"

"आपण सोसलं कारण आपल्याला कोणी विचारलं नाही. तू तर घरात आहेस ना विचारायला?"

"अहो, उद्या खेप..."

"मशिनवर धागा अडला की पाय उचला म्हणून आम्हाला दरडावतेस. इथे कालपासून अडलाय आणि तू दामटतेच आहेस."

मास्तरणीच्या हातातून कात्री सुटली. आत जाऊन तिने लेकीला उठवायला हात लावला मात्र, पोरगी किंचाळली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत आवाजाच्या होत्या. त्यांनी आईला थांबवून मुलीलाच विचारलं, "बाळ, या वेळची पाळी कधी सुरू झाली?"

"अजून आलीच नाहीये," भिंगरी म्हणाली.

मास्तरणीने विचारलं, "मग काल सांगितलं का नाहीस?"

"तू कॅलेंडर बघितलंस ना."

सोनोग्राफी झाली आणि लगेच ऑपरेशन. दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आईबापांना समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. मुलीच्या उजव्या अंडाशयावर पाण्याची गाठ धरली होती. तिच्या वजनाने अंडाशयाला पीळ बसला आणि त्याचा रक्तपुरवठाच तुटला. असं दुखणं अचानक येतं, बहुतेकदा एका बाजूला, उलट्या होतात, आणि मधेच ओसरून माणसाला फसवतं. काही तासांत आलं तर पुष्कळदा पीळ सोडवून अंडाशय वाचवता येतं. हिचं काळं पडून गेलं होतं, ते काढावं लागलं. दुसरं चांगलं आहे, पाळी येईल, पुढे मुलंही होऊ शकतील.

"काल आली असती तर?" बापाने विचारलं.

"कदाचित वाचलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमलं नाही.

तो बायकोला इतकंच म्हणाला, "मला सांगितलं असतंस, तर बस तिथेच उभी केली असती गं."

शुद्धीवर आल्यावर भिंगरीने पहिलं काय विचारलं असेल? "आई, गणवेश गेले का?" मास्तरणीने तोंडाला पदर लावला.

मास्तरणीच्या बहिणीने फोनवरून बजावलं होतं, अपेंडिक्स होतं म्हणून सांग, उद्या मुलीचं लग्न करायचंय. सोमवारी मशिनवरच्या बायकांनीही तेच विचारलं, अपेंडिक्स का? नुसतं 'हो' म्हटलं की भागत होतं. मास्तरीण मात्र म्हणाली,

"नाही. अंडाशयाला पीळ बसला होता आणि मी तारीख बघत बसले." मग तिने डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. पाचही मशिनं बंद होती. गणिताच्या पेपरावरून हसलेली बाई रडत होती. तिच्याही घरी दोन मुली होत्या.

दीड महिन्याने एका सकाळी भिंगरी दारात उभी राहिली. पूर्वीसारखी धावत आली नाही. आताशा ती जपून चालायची. "आई, दुखतंय."

मास्तरीण गणवेशाचं कापड बेतत होती. तिने खडू खाली ठेवला. कॅलेंडरकडे तिने पाहिलं नाही. "कुठे दुखतंय? कधीपासून? तू सांग, मी ऐकते."

दोघी दवाखान्यात जाऊन आल्या. नेहमीचंच, पाळीचं दुखणं निघालं. फुकट फेरी झाली की, कोणीतरी म्हणालं.

"अशा शंभर फुकट जाऊ देत," मास्तरीण म्हणाली. "एक चुकली तर काय झालं ते बघितलंत ना?"

वाचकहो, पाळीत दुखतं हे खरं. पण मुलीचं प्रत्येक दुखणं पाळीचं नसतं. अचानक उठलेली कळ, एका बाजूचं दुखणं, उलट्या, ताप, भोवळ यातलं काही दिसलं तर सोस म्हणू नका आणि लाजू नका. वेळ न घालवता डॉक्टरकडे न्या. आणि त्याआधी, आपल्या मुलीला तिचं वाक्य पुरं करू द्या. भिंगरीचं त्या गुरुवारी अर्धंच राहिलं होतं.