मामांचा डावा खांदा

म्हाताऱ्या फोरमनची शिट्टी ज्याने ऐकली नाही, त्याने आवाज म्हणून काही ऐकलंच नाही. दोन बोटं जिभेखाली घालून तो अशी फुंकायचा, की बंदरातल्या बोटी निघायची वेळ झाली समजून नांगर उचलायच्या. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. कारखान्यात सगळे खरं मानत होते, आणि घोळ तिथेच होता.

कारखाना जहाजं दुरुस्त करायचा. छपराखालच्या क्रेनने जहाजाला पाण्याखालून ढकलणारे आठ-आठ टनांचे पितळी पंखे उचलायचे, ते फोरमनच्या शिट्टीवर. एक म्हणजे वर, दोन म्हणजे पुढे, लांबलचक म्हणजे थांब. शिट्टी येईल तोच फोरमन, हा तिथला कायदा. कमी ऐकू येणारा साखळीवाला तर केवढा कसबी! पण शिट्टी ऐकू येत नाही म्हणून त्याला बारा वर्षं भांडारात खिळे निवडायला बसवलं होतं.

क्रेन चालवायची घार. चौदा वर्षं वरच्या काचेच्या केबिनमधून खाली नजर, म्हणून नाव पडलं घार. आता म्हातारा निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागेला दोघंच होते, घार आणि म्हाताऱ्याचा सख्खा भाचा. तसं कारखान्यातले सगळेच म्हाताऱ्याला मामा म्हणत. फळणार मात्र एकालाच, असं दिसत होतं.

घारीला शिट्टी येत नव्हती. महिनाभर ती स्वयंपाकघरात गाल फुगवत होती. शेवटी सासूबाईंनी कवळी काढून ठेवली, "सरक गं, मी बघते" म्हणाल्या, आणि पहिल्याच फुंकेला मांजर फडताळावर चढलं.

"उद्या चाचणीला मलाच ने," कवळी बसवत सासूबाई म्हणाल्या. "होते मी फोरमन!"

घार हसली. तिला ठाऊक असलेली एक गोष्ट तिने चौदा वर्षं कुणाला सांगितली नव्हती. केबिनमध्ये मोटरीच्या घरघरीत मामांची शिट्टी मुळी ऐकूच येत नसे. ती थांबायची ती मामांच्या डाव्या खांद्यावर. लांब शिट्टी फुंकताना तो खांदा कानाला टेकायचा. हे बोलली असती, तर लोक म्हणाले असते, बाईचे कान गेले. मग साखळीवाल्याशेजारी खिळे निवडायला तीही बसली असती.

चाचणीला सगळी शेड जमली. आधी भाच्याची पाळी. तो खाली, घार वर. भाच्याने शिट्टी मारली. घारीला दिसले ते फक्त फुगलेले गाल. पंखा चार बोटं पुढे जाऊ दिला असता तर भाच्याचं नाक कापलं गेलं असतं. पण काम ते काम. गाल फुगले तसा तिने पंखा जागच्या जागी थांबवला. खाली टाळ्या पडल्या, भाच्याला.

मग पाळी घारीची. क्रेन चालवायला भाचा केबिनच्या शिडीला लागला तशी तिने त्याची बाही धरली.

"वर शिट्टी ऐकू येत नाही. कान सोड, माझ्या हाताकडे बघ."

"वहिनी, शिट्टी येत नाही तर नाचता येईना अंगण वाकडं!" भाचा मोठ्याने म्हणाला. शेड खिदळली. मोठे साहेबही मिशीत हसले. मामा तेवढे हसले नाहीत. ते तिथेच, पंखा ज्यावर बसवायचा तो जहाजाचा दांडा होता त्याला पाठ लावून उभे राहिले. त्यांची नेहमीची जागाच ती.

पंखा उचलला गेला आणि दांड्याच्या दिशेने सरकू लागला. घारीने बोटं तोंडात घातली. नुसती फुस्स. पुन्हा हशा. तिने हात वर केला. भाचा बघेच ना. डोळे क्रेनच्या आकड्यावर, कान टवकारलेले.

पंखा सरकतच होता.

"थांबव!" कुणीतरी ओरडलं. मामा हसले, बोटं जिभेखाली घातली आणि आयुष्यभराची शिट्टी फुंकली. पत्रे थरथरले. पंखा थांबला नाही. मामांनी पुन्हा फुंकली. पाठीमागे दांडा, समोर आठ टन पितळ, आणि म्हातारा जागचा हलेना, कारण त्याच्या शिट्टीवर क्रेन थांबली नाही असं कधी झालंच नव्हतं.

घार धावली. पंख्याच्या वाटेत, जिथे वरच्याची नजर होती नेमक्या तिथे, दोन्ही हात पसरून उभी राहिली. पितळेचा गार वास नाकात शिरला. तिने डोळे मिटले नाहीत. मिटले तर वरचा आपल्याला बघतोय का, ते कळलं नसतं.

पंखा तिच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबला.

केबिनच्या खिडकीतून भाच्याने डोकं काढलं. तोंड पांढरंफटक.

"मामा, अहो शिट्टी का नाही वाजवलीत?"

मामा घारीकडे वळले. त्यांनी विचारलं, "पोरी, मग तू कशावर थांबायचीस?"

"तुमच्या डाव्या खांद्यावर."

"आणि बोलली नाहीस?"

"चौदा वर्षांत विचारलंत कधी?"

मामांनी आपला डावा खांदा चाचपला, जणू तो कुणा दुसऱ्याचाच होता. मग साहेबांकडे न बघताच म्हणाले, "पंखा अजून टांगलेलाच आहे, फोरमनबाई. उतरवा."

साहेबांनी होकाराची मान हलवली.

"मी नाही उतरवणार," घार म्हणाली. "आधी तुम्ही बाजूला व्हा, मामा. आणि साखळीवाल्याला बोलवा. बारा वर्षं तो हातांनीच बोलतोय."

साखळीवाला खिळ्यांची धूळ झटकत आला. त्याने हात वर केला, तळवा हळूच खाली आणला. भाचा आता डोळ्यांत प्राण आणून बघत होता. पंखा झोपलेल्या लेकराला ठेवावं तसा दांड्यावर बसला.

त्या कारखान्यात पुन्हा शिट्टी वाजली नाही. बंदरातल्या बोटी तेव्हापासून वेळेवर निघत नाहीत, असं म्हणतात.