कासवाची जागा

प्लॅस्टिकच्या आत कासव, बाहेर तिचा अंगठा, आणि मध्ये ती कडक, पारदर्शक, तुसडी भिंत. अंगठा पुन्हा पुन्हा कासवाच्या पाठीवर जाऊ बघत होता आणि पुन्हा पुन्हा घसरत होता. चकाकत होतं मात्र असं, की काउंटरवरचा दिवा त्यात उलटा दिसावा… हे कसलं नाणं! नाणं कसं, दहा जणांच्या मुठीत मळलेलं हवं, कुणाच्या खिशातल्या किल्लीनं ओरखडलेलं, मासळीवालीच्या हाताचा वास घेऊन आलेलं. हे म्हणजे अंगाला वारा लागू न देता वाढवलेलं पोर. टांकसाळीतून निघालं ते पाकिटात, पाकिटातून खोक्यात, आणि खोक्यातून थेट तिच्या काउंटरवर, बटणांच्या बरण्या आणि दोऱ्यांच्या रिळांमध्ये येऊन बसलं. वाटेत कुणाच्या उपयोगी पडलं नाही.

"आई, तेवढं लावून टाका हं ट्रेमध्ये," मागच्या खोलीतून सून म्हणाली. "संध्याकाळी फ्रेमवाला येतोय. एकदा काच बसली की मग उघडता येणार नाही."

"ऐकलं. बहिरी नाही झाले अजून."

"बाहेरच्या खोलीत बाबांच्या फोटोशेजारीच लावू. छान दिसेल."

छान दिसेल! माणूस टांगला, आता त्याची नाणीही टांगा. राहिले मीच, माझ्यासाठीही एक खिळा ठोकून ठेवा… हे ओठांपर्यंत आलं होतं, पण सून वाईट नव्हती. तिचा जीव होता त्या ट्रेवर. मुलाच्या मागे लागून तिनंच ते कासव मागवायला लावलं होतं. वाईट माणसांशी भांडता येतं. चांगल्या माणसांचं करायचं काय, हे कुणी शिकवलं नव्हतं.

ट्रे तिनं समोर ओढला. कोटाच्या बटणांचे नमुने ठेवायचा लाकडी ट्रे, ओळीनं गोल खळगे पाडलेला. बटणांची कंपनी कधीच बुडाली, ट्रे राहिला. प्रत्येक खळग्यात एक नाणं आणि शेवटच्या ओळीत, कोपऱ्याच्या अलीकडे, एक खळगा रिकामा. तिला अक्षरं लावून वाचायचा कंटाळा, म्हणून तिनं नाण्यांना आपली नावं ठेवली होती. हा पूल. हे कणीस. हा चष्म्यातला म्हातारा, कुणी थोर माणूस असणार, पण चेहरा असा की उधारी मागायला आलाय. हे विमान. सगळी एकाच किमतीची, एकाच आकाराची, नुसतं एका अंगावरचं चित्र वेगळं. बाजारात साध्या नाण्यांत मिसळून फिरणारी. बघणाऱ्यानं बघितलं तर दिसणारी.

पूल पहिला. तो आला तेव्हा ती दुकानात नवी होती आणि तोंडानं आजच्यापेक्षा तिखट. कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांनी अस्तराच्या दोऱ्याचे पैसे ठेवले आणि तिनं ते नाणं चिमटीत धरून परत त्यांच्यापुढे सरकवलं होतं.

"खोटं नाणं खपवता होय मास्तर? आणि तेही माझ्याकडे?"

"अहो वहिनी, खोटं कसलं! सरकारनंच काढलंय. कुठला तो पूल जुना झाला म्हणून."

"पूल जुना झाला तर दुरुस्त करावा. नाणी कसली पाडतात!"

मास्तर हसले, आणि त्यांच्या मागून, मापाची पट्टी गळ्यात घातलेले हेही हसले… इतके हसले की पट्टी घसरली. मग त्यांनी पूल उचलला, उजेडाकडे धरला, आणि स्वतःच्या खिशातलं एक साधं नाणं काढून गल्ल्यात टाकलं. गल्ल्याचं गल्ल्याला, हौसेचं हौसेला. तेव्हापासून तो नेमच झाला. दुकान बंद करताना गल्ला काउंटरवर पालथा करायचा, ती साधी नाणी डावीकडे लोटायची, चित्रांची उजवीकडे, आणि नवीन काही निघालं की ह्यांचा हात खिशात. विकत म्हणून काही घ्यायचं नाही. बाजारात दुकानं होती तसली, काचेच्या कपाटांत नाणी मांडणारी. हे त्यांच्यासमोरून मान वळवून जायचे.

"विकतच आणायचं तर मग आपण दिवसभर बसतो कशाला? येणारं येऊ दे."

आणि यायचं. आज नाही तर महिन्यांनी, कुठल्या परकराच्या नाडीबरोबर, कुठल्या शाळेच्या गणवेशाच्या हुकांबरोबर… पण कासवाचं नाणं सरकारनं काढलं ते ह्यांनी अंथरूण धरल्यावर. पेपरात चित्र आलं होतं, ते कापून त्यांनी उशीखाली ठेवलं. ती दुकान बंद करून आत आली, की पाण्याच्या आधी, औषधाच्या आधी प्रश्न यायचा —

"आलं का?"

"नाही आलं. कासवच ते. निघालंय, येईल सावकाश."

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि रोज ते नव्यानं हसायचे. हसण्याचा खोकला व्हायचा, मग ती पाठ चोळत रागवायची. दुसरं बोलायचं असं काही उरलं नव्हतं दोघांत, म्हणजे होतं पुष्कळ, पण ते बोललं असतं तर रडावं लागलं असतं. त्यापेक्षा कासव बरं. एक दिवस ती आत आली आणि प्रश्न आला नाही. ते नुसते बघत राहिले. "नाही आलं," तिनं आपणहून सांगितलं… आणि त्यांनी पापण्या मिटून, समजलं, असं केलं.

नंतरही ती गल्ला पालथा करत राहिली. साधी डावीकडे, चित्रांची उजवीकडे. शेवटचं नाणं बाजूला झालं की मनातल्या मनात म्हणायची, नाही आलं. कुणाला सांगत होते मी?

फोन वाजला. मुलगा, कामासाठी परगावी राहायचा, रविवारी यायचा.

"आलं का?" त्यानं विचारलं.

काय झालं तिलाच कळलं नाही. आवाज तोच. बापाचाच. तोच खर्ज, 'का'वर तसंच किंचित थबकणं… तिचा हात काउंटरवर टेकला.

"आई? आलं का कासव?"

"आलं," ती म्हणाली.

"वा! झाला की नाही संच पुरा? बाबा असते तर —"

"गिऱ्हाईक आलंय. ठेव."

गिऱ्हाईक नव्हतं. दुकान रिकामं होतं आणि तोंडात एक चमत्कारिक, अळणी चव आली होती. आलं. किती छोटा शब्द. इतकी वर्षं वाटायचं, म्हणायला मिळाला तर काय सुख होईल… आणि म्हटला तर त्याच्या पुढे काहीच नाही. आलं, म्हणजे संपलं. उद्या गल्ला पालथा करायचा तो नुसता पैशांसाठी. शेवटच्या ओळीतल्या त्या भोकाकडे ती बघत राहिली. सगळ्या ट्रेमध्ये तेवढीच जागा अशी होती, जिथे अजून हे बसलेले होते.

मग गिऱ्हाईक खरंच आलं. करड्या कोटातली एक अनोळखी बाई, हातात प्रवासाची पिशवी, कोटाचं मधलं बटण तुटलेलं.

"असं मिळेल का हो? जरा लवकर, माझी गाडी आहे. मी इथली नाही."

तिनं बरणी उघडली, बोटांनी चाळली, जुळतं बटण काढलं. दोरा ओवून सुई हातात दिली, बाईनं उभ्याउभ्याच टाकले चार टाके, वाकडे. एरवी ती बोलली असती. बाईनं नोट दिली. गल्ल्यात सुट्टी नाणी हवी तेवढी होती; साधी, मळकी, गुमान पडलेली. तिचा हात तिकडे गेलाही… पण दुसऱ्या हातानं कात्री उचलली होती. पाकिटाची कड कचकन कापली गेली. कासव तळहातावर पडलं. थंड होतं, आणि वाटलं होतं त्याहून जड. अंगठा एकदाच त्याच्या पाठीवरून फिरला. कवचाच्या रेघा, एक, एक, एक…

"अय्या, कासव! चालतं ना हे?" बाईनं विचारलं.

"न चालायला काय झालं? सरकारनंच काढलंय."

"किती गोड आहे. जपून ठेवीन मी."

"अजिबात नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की बाई दचकली. "नाणं आहे ते, ठेवायचं नसतं. खर्चा. गाडीत बसायच्या आधी खर्चा. चहा प्या त्याचा."

बाई बावरून हसली आणि गेली. करडा कोट रस्त्याच्या वळणावर दिसला, मग इतर कोटांत मिसळला, मग नाहीच.

काय करून बसलीस, बये! ती बाई कुठली, गाडी कुठली… कुठल्या गावच्या गल्ल्यात जाईल, कुठल्या गादीखाली सरकेल. पुन्हा दिसणारही नाही. पोरानं कौतुकानं पाठवलेलं. आत सून कपबशा मांडत होती, फ्रेमवाल्यासाठी एक जास्तीची. तिला काय सांगायचं? काच लावू नका, असं सांगायचं तर का म्हणून विचारेल. सुनेचा चेहरा पडेल. पडू दे… नको, पडायला नको. चांगली आहे ती.

तिनं गल्ल्यातून एक साधं नाणं उचललं आणि स्वतःच्या बटव्यात टाकलं. कासव तिचं होतं, दुकानानं मोड म्हणून दिलं, हौसेचं हौसेला. हिशेब चुकला असं ह्यांनी म्हणायला नको.

रस्त्यावरून माणसं जात होती. प्रत्येकाचा खिसा, प्रत्येकाची मूठ, पिशवीच्या तळाशी खुळखुळणारी सुट्टी मोड… मघापर्यंत ती नुसती माणसं होती. पलीकडे मास्तर चष्मा पुसत दुकानाच्या पायरीवर आले, त्यांचा हात खिशात गेला तशी तिची मान आपोआप वर झाली. वेड लागलंय मला. इतक्यात कुठलं यायला, गाडीसुद्धा सुटली नसेल अजून. तरी तिनं पदर नीट केला, काउंटरवरून फडकं फिरवलं, ट्रेमधल्या रिकाम्या खळग्यावर हलकेच फुंकर मारून धूळ उडवली, आणि ताठ बसली… घरी कुणी यायचं असलं की बसतात तशी.