परीक्षेचा पेशंट

वनाबुवांच्या तोंडात एकच दात उरला होता तेव्हा ते स्वतःच सांगायचे, "हाऊ शेवटना टाळकरी शे. बाकीना बठ्ठा टाळ ठेईसन घर गयात." मग तोही पडला आणि ही थट्टाही बंद झाली. कीर्तनकाराचं सगळं भांडवल त्याच्या तोंडात. अमळनेरच्या आसपास ज्या गावांत बुवांशिवाय काल्याचं कीर्तन होत नसे, तिथे आता त्यांचे शब्द ओठांतून वाऱ्यासारखे निसटायचे, आणि पुढे बसलेल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. माणसाचा देवावरचा विश्वास तसाच राहतो हो, पण देवाचं नावच नीट उमटेना म्हटल्यावर माणूस खचतो.

कुणीतरी सांगितलं, धुळ्याबाहेर दातांचं नवं कॉलेज निघालंय. तिथे गेले आणि पडले ते डॉ. लीलाधर भोळ्यांच्या पदरात.

लीलाधर मूळचा जळगावकडचा. बी.डी.एस. झालेला, दात काढण्या-भरण्यात हात बसलेला. पण कृत्रिम दात बसवण्याचं शास्त्र पुरतं शिकायचं म्हणून पुन्हा विद्यार्थी झाला, एम.डी.एस.ला लागला. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार असेल. देवपुरात एक खोली घेऊन राहायचा. वडील गावात पखवाज वाजवत, म्हणून हा कीर्तनाच्या मांडवातच रांगलेला. माळ घातलेला, बुक्का लावलेला म्हातारा खुर्चीत बसला तसा त्याने आरसा बाजूला ठेवून आधी पायांना हात लावला.

"अहो डॉक्टर, उलटं व्हई ऱ्हायनं!" बुवा संकोचले.

लीलाधरच्या मार्गदर्शकांनी, कांकरिया सरांनी, बुवांचा जबडा पाहिला. वरचा ठीक होता. खालची हिरडी मात्र वखर फिरवलेल्या वावरासारखी सपाट. कवळी टिकावी कशावर? सर लीलाधरला बाजूला घेऊन म्हणाले, "याला सोडू नकोस. या हिरडीवर जो कवळी उभी करेल, त्याला परीक्षक नापास करूच शकत नाही."

इथे या शिक्षणातली एक रीत सांगितली पाहिजे. शेवटच्या परीक्षेला उमेदवाराने आपला बोळका पेशंट आपणच आणायचा. परीक्षेच्या दिवसांत तिथेच त्याची मापं घ्यायची, दात लावायचे, परीक्षकांना कवळी बसवून दाखवायची. त्यामुळे चांगला पेशंट सापडला की त्याला लग्नाच्या नवरदेवासारखं जपतात. दुसऱ्या कुणाला त्याच्या तोंडात डोकावू देत नाहीत. न जाणो, पळवला तर? लीलाधरचा सोबती गौतमचंद चेष्टा करायचा, "जा बाबा, तुझा नवरदेव एस.टी.तून उतरला. हळद लावून ठेव." गौतमचंदची स्वतःची पेशंट बेबाबाई त्याच्याकडून दर खेपेला शेव-जिलबी वसूल करायची, ते वेगळं.

लीलाधरला मात्र या रीतीचा चटका बसलेला होता. मागच्या खेपेला त्याचा पेशंट ऐन परीक्षेच्या सकाळी लेकीकडे सुरतेला निघून गेला होता. बाकीचे वाकून काम करत होते आणि हा रिकाम्या खुर्चीशेजारी उभा. घरी वडिलांना सांगताना त्याची जी मान खाली गेली, ती अजून वर आली नव्हती. या खेपेला वनाबुवा हातचे गेले, तर आपण पुन्हा उभे राहणार नाही, हे त्याने मनाशी धरलं होतं.

परीक्षेआधी सवय व्हावी म्हणून त्याने बुवांना एक कवळी करून दिली. मेणात दात लावून पाहताना डॉक्टर लोक पेशंटला आकडे म्हणायला लावतात, शब्द कुठे अडतो ते कळावं म्हणून. बुवांनी आकडे म्हटलेच नाहीत. थेट नामाचा गजर सुरू केला. सगळ्या खुर्च्यांवरची माणसं वळून पाहू लागली आणि लीलाधरच्या अंगावर काटा आला. आवाज परतला होता.

होळीच्या आधी बुवा म्हणाले, "डॉक्टर, खाले डावीकडे जराशी टोचस."

लीलाधरने पाहिलं. जिभेच्या बाजूला, हिरडीच्या उतारावर एक लहानसा चट्टा. नवी कवळी लागतेच. चपलेने पाय चावावा तसं. त्याने कवळीची कड घासली, गुळगुळीत केली, दिली. पुढच्या खेपेला बुवा हसत आले. "आते दुखत नही."

चट्टा मात्र तिथेच होता. त्याने पुन्हा घासली. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. बुवा दर वेळी म्हणायचे, दुखत नाही. आणि दर वेळी चट्ट्याची कड थोडी अधिक उचललेली, थोडी अधिक राठ. बुवांनी माळ घातली तेव्हा मांस सुटलं होतं, तंबाखू सुटली नव्हती. चिमूट ठेवायची ती नेमकी तिथेच, डावीकडे. हे लीलाधरने पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेतलं होतं. आता ते त्याला आठवतच नसे, किंवा आठवू द्यायचं नसे म्हणा.

त्याच सुमारास एका सकाळी कांकरिया सर वर्गात सहज बोलता बोलता थांबले. "दुखणाऱ्या जखमेला घाबरू नका," ते म्हणाले. "दुखणारी जखम बिचारी ओरडून सांगते. कवळी काढून ठेवा, पंधरवड्यात भरून येते. जी भरत नाही आणि दुखतही नाही, तिच्यावर घासणी चालवत बसू नका. ती कवळीची नसते. तुकडा तपासायला पाठवा, त्याच दिवशी."

गौतमचंद लिहून घेत होता. लीलाधरची लेखणी हलली नाही. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती लागत नव्हती, आणि तो आवाज त्याला सबंध तास ऐकू येत राहिला.

पंधरवडा कवळी काढून ठेवा, एवढं तरी सांगावं? पण बुवांचे सप्ताह लागलेले, दातांवाचून ते उभे कसे राहतील? त्याने स्वतःला हेच कारण दिलं. कारण प्रेमाचं होतं, म्हणून खरंही वाटलं. खालच्या थराला दुसरंच होतं: तुकडा पाठवला, नको ते निघालं, तर परीक्षेची खुर्ची पुन्हा रिकामी.

संध्याकाळी तो पांझरेकाठी एकवीरेच्या देवळात गेला. डोळे मिटून म्हणाला, "आई, परीक्षा होईपर्यंत ती जखम भरू दे." प्रदक्षिणा घालताना आपण काय मागितलं ते त्याच्या ध्यानात आलं. परीक्षा होईपर्यंत! पुढचं मागितलंच नाही. पुन्हा हात जोडावेत म्हणून तो वळला, पण गाभाऱ्यापुढे बायकांची ओटी भरणं चाललं होतं, आणि तो तसाच निघून आला.

बुवांच्या गावच्या सप्ताहाला तो काल्याच्या दिवशी गेला. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बुवा उभे राहिले, वीणेकऱ्याकडे पाहिलं आणि आवाज असा लागला की झाडावरचे पक्षी उडाले. "देवाने जिभेभोवती बत्तीस शिपाई उभे केले," बुवा सांगत होते, "तरी ही बया निसटते आणि नको ते बोलून येते! माझे शिपाई तर त्या तिथे बसलेल्या डॉक्टरांनी दिलेले. बदलीवरचे! त्यांना धाक कुणाचा?" मांडव खदखदून हसला. माना वळल्या. शेजारच्या म्हाताऱ्याने लीलाधरच्या पाठीवर थाप मारली, कुणी त्याच्या कपाळाला बुक्का लावला. असा मान त्याला आयुष्यात मिळाला नव्हता.

हंडी फुटायच्या आधी बुवा क्षणभर थांबले. पाठ फिरवून तांब्यातून चूळ भरली, उपरण्याने तोंड टिपलं आणि ते उपरणं घडी घालून काखेत धरलं. पुढे कीर्तन संपेपर्यंत एकच हात वर करत राहिले.

जेवणाच्या पंगती उठल्यावर बुवांच्या पत्नी भिकुबाई त्याला तुळशीपाशी गाठून म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू? बुवा एकच कडथून चावतस. सकाय उशीवर रगतना डाग ऱ्हातस. माले म्हनतस, काय नही, काय नही. ते तुमले तरी सांगतस का?"

भिकुबाईंचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते.

"कवळीची जखम आहे, अक्का. नवी कवळी लागतेच. घासून देतो."

"देव पावना!" म्हातारीने त्याच्यावरून बोटं ओवाळून कडाकडा मोडली. "तुम्ही सांगं म्हंजे झायं. मना जीव कितला उडी ऱ्हायंता!"

परतीच्या एस.टी.त त्याने कपाळावरचा बुक्का रुमालाने पुसून टाकला.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरगावचे परीक्षक सरांच्या खोलीत चहा घेत होते. बुवा धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत टेकले. भिकुबाई बाहेर बाकावर पुरणपोळीचा डबा घेऊन. आज माप घ्यायचं. लीलाधरने माप घेण्याची पेस्ट कालवली, ती साच्यात भरली आणि डाव्या हाताने बुवांची हनुवटी धरली.

बोटाला जबड्याखाली काहीतरी लागलं. सुपारीएवढं, कठीण. त्याने दाबून पाहिलं, ते हललं नाही.

"तोंड उघडा, बुवा."

चट्टा आता चट्टा राहिला नव्हता. मधे खड्डा पडला होता, कडा फुलकोबीसारख्या. आणि त्यावर हळद. कुणीतरी हळद दाबून बसवली होती, रक्त दिसू नये म्हणून.

"हे कुणी लावलं?"

"मीच." बुवांनी त्याचं मनगट धरलं. हळू आवाजात बोलले, "माप ल्या डॉक्टर. परीक्षक येतीन. बाकी मागून पाहू."

"बुवा, तुम्हाला माहीत होतं?"

"माले वाटे. मना मोठा भाऊले असंच व्हयेल व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीबी कोठे बोलनात?" बुवांच्या स्वरात राग नव्हता. "मी म्हंतं, पोऱ्यानी परीक्षा शे. त्यानं तोंड इतलं उतरेल दिखे, त्याले अजून काय सांगू."

लीलाधर तसाच उभा राहिला. दोघं एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्याच्या आडोशाला ते वाढत होतं. हातातल्या साच्यात पेस्ट घट्ट होऊ लागली. आत्ता तोंडात घातली तर माप मिळेल. परीक्षक नवी कवळी बघतील, वाहवा करतील. हळदीखालचं कोण बघतं? पलीकडच्या खुर्चीवर गौतमचंद बेबाबाईला "आ करा, आ" म्हणत होता.

"घाला ना," बुवा म्हणाले आणि त्यांनी आपण होऊन आ केला.

त्या उघड्या तोंडाकडे पाहून लीलाधरने साचा बाजूच्या ताटलीत ठेवला. पेस्ट दगड झाली तसा तो सरांच्या दाराशी गेला.

कांकरिया सर आले. हातमोजा चढवून त्यांनी आत बघितलं, मग जबड्याखाली बोट फिरवलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उजवीकडेही ते थांबले. बाहेरचे परीक्षक दारात येऊन उभे होते, हातात कप तसाच.

"केव्हापासून आहे?" सरांनी विचारलं.

"होळीच्या आधीपासून."

"आणि तू कवळी घासत होतास."

"हो, सर."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मोजा काढला, नळाखाली हात धुतले, धुतच राहिले. मग पाठमोरेच बोलले, "शस्त्रक्रिया विभागात तू स्वतः घेऊन जा. तुकडा घेतील तेव्हा तिथे उभा राहा. निकाल काय येईल ते मला दिसतंय, तुलाही दिसतंय. परीक्षेचं नंतर बोलू." हात पुसत म्हणाले, "घरच्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

बुवा खुर्चीतून उतरताना परीक्षकांना हात जोडून म्हणाले, "साहेब, पोऱ्या गुनी शे. मी उद्याबी येसू माप देवाले."

बाहेर बाकावर भिकुबाई दोघांना इतक्या लवकर आलेलं पाहून उठल्या. चेहरा उजळला. डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या, "झायी परीक्षा? पास व्हयनात ना, भाऊ?"

बुवा भिंतीकडे पाहू लागले. लीलाधरने भिकुबाईंच्या हातातला डबा घेऊन बाकावर ठेवला, त्यांना शेजारी बसवलं आणि स्वतः समोर फरशीवर बसला.

"अक्का, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ती जखम कवळीची नव्हती."

"मंग कसानी?" भिकुबाईंनी विचारलं.