बायजाने भात सोडला

बायजाने बांगड्याचा तुकडा उचलला, कालवणात बुडवला आणि हात तसाच अधांतरी धरून बसली. कालवायला ताटात भातच नव्हता.

"आई, नुसताच खायचा," वैशाली म्हणाली.

"आनि कालवन? हातावर चाटू?"

"वाटीने प्या."

बायजाने सुनेकडे पाहिलं. मग डोळे मिटून औषध प्यावं तसं ते लालभडक कालवण तिने घशाखाली उतरवलं.

करावे गावात बायजाएवढा भात जेवणारी दुसरी बाई नव्हती. नवरा गेल्यावर तिने एकटीने शेत लावलं, कापलं, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावं पालथी घातली. तोवर तो भात पचत होता. पुढे नव्या शहरासाठी शेत गेलं, मुलगा दिलीप पावणे इथल्या कारखान्यात लागला आणि बायजा ओट्यावर बसली. काम सुटलं, भात काही सुटला नाही. वजन वाढत गेलं तसे गुडघे रुसले. आता न्हाणीपर्यंत जायलाही तिला सुनेचा खांदा लागे. वाशीच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, वजन उतरलं नाही तर अंथरूण धराल. भात, भाकरी, साखर, बटाटा बंद. मासे, अंडी, मटण, पालेभाजी खा.

बायजा मरणाला भीत नव्हती. अंथरुणात पडून सगळं दुसऱ्याच्या हातून करून घ्यायचं, हे मात्र तिला नको होतं. म्हणून ती कबूल झाली.

गावाला मात्र हे झेपेना. शेजारची सगुणा रोज दुपारी कुडापलीकडून विचारी,

"बायजे, जेवलीस का गो?"

"जेवले. तीन बांगडे, दोन अंडी, चवलीची भाजी."

"आनि भात?"

"नाय."

"म्हंजे उपाशी हायस."

भात पोटात गेला नाही तर माणूस जेवला असं कराव्यात कोणी म्हणत नसे. मग मासे टोपलीभर का खाल्लेले असेनात. चारआठ दिवसांत गावभर झालं की ठाण्याची सून सासूला उपाशी मारते. वैशालीला नळावर जायची चोरी झाली. ती चुलीपुढे बसून मुकाट्याने डोळे पुशी आणि पुन्हा कोलंबी सोलायला घेई.

ते बालंट दूर केलं जानूने. हा बायजाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, त्याचंही शेत गेलेलं. जाळं विणता विणता तो चारचौघांत म्हणाला,

"बायजा उगाच भात सोडंल? शेत गेला, म्हनून तिनं भात सोडला."

ते बोलणं घरोघर गेलं. संध्याकाळपर्यंत बायका बायजाच्या ओट्याशी आल्या. एकीने नारळ ठेवला, एकीने पायांवर फुलं वाहिली, सगुणा तर पायाच पडली.

"अगो, गुडघ्यासाठी हाय ता!" बायजा ओरडली. "डाक्तरानं सांगितलंय!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मोठी माणसं कधी आपल्या तोंडाने सांगतात का? त्या आणखीनच हळू आवाजात बोलू लागल्या. दाराआड वैशालीला हसू आवरेना.

पण बायजा खरोखरच उतरू लागली. चोळी अंगावर सैल पडू लागली, चेहऱ्याची हाडं दिसायला लागली. एके दिवशी ती कोणाचा हात न धरता ओट्याच्या पायऱ्या उतरली. दिलीप बघतच राहिला. ज्या आईला उठवायला दोघं लागत, ती अंगणात उभी राहून कोंबड्यांना हाकलत होती.

मग एका सकाळी ती घरात दिसेना. वैशाली शोधत शोधत गावाबाहेर गेली. जिथे शेतं होती तिथे ट्रक मुरूम ओतत होते आणि लाल धुळीत बायजा एकटी उभी होती. शेत गेल्यापासून ती इथे आली नव्हती. गुडघ्यांनी येऊच दिलं नव्हतं.

"वैशाली, आपला बांध कंचा गो?"

वैशालीने सगळीकडे पाहिलं. सगळं सपाट होतं. बायजाने पायाने थोडा मुरूम उकरला, पुन्हा सारखा केला आणि मागे वळली. वाटेत वैशालीने खांदा पुढे केला, पण तिने तो धरला नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी काट्याकडे बघून शाबासकी दिली. आता रोज मूठभर भात घ्यायला हरकत नाही, म्हणाले. वैशालीला कोण आनंद झाला! घरी येताच तिने तांदूळ धुतले. वाफाळता भात ताटात वाढला, बाजूला कोलंबीचं कालवण. दिलीपही कामावरून येऊन आईसमोर बसला.

वाफ वर आली. बायजाने ती नाक भरून घेतली. तिचा हात आपोआप भातापर्यंत गेला, बोटं टेकली आणि तिथेच थांबली. बराच वेळ ती त्या पांढऱ्या ढिगाकडे पाहत होती. मग तिने बोटं उचलली आणि ताट दिलीपपुढे सरकवलं.

"अगं आई, डॉक्टरांनीच सांगितलंय खायला," दिलीप म्हणाला.

"सोड म्हनून पन त्यांनीच सांगितलं व्हतं." बायजाचा आवाज अगदी साधा होता. "आता मना कोनी नाय सांगितलं, मीच सोडला."

वैशालीच्या हातातला डाव तसाच राहिला. इतके दिवस जिला आपणच मोजून वाढत होतो ती बाई तिला एकाएकी फार मोठी दिसली, इतकी की जवळ जायचीही भीती वाटली. दिलीप पुन्हा काही बोलणार होता. वैशालीने मानेनेच त्याला गप्प केलं आणि सासूपुढे कालवणाची वाटी ठेवली.