काळ्या भिंतीची रुंदी

"ऐंशी मीटर, टनामागे सरासरी पाच ग्रॅम सोनं!" आकाशने मोबाइलवरचा अहवाल तिसऱ्यांदा वाचून दाखवला, तेव्हा यादवनानांनी चष्मा पुसायला घेतला. नाना चष्मा पुसू लागले की त्यांना काहीतरी खटकले आहे, हे त्यांच्या धाकट्या बहिणीला, लिलाबाईंना, चांगले ठाऊक होते.

परिचारिका म्हणून तीस वर्षे राबून लिलाबाईंनी नशिराबादला एक प्लॉट घेतला होता. तो विकून परदेशात सोने शोधणाऱ्या एका कंपनीचे शेअर घ्यावेत, असा जावयाचा, म्हणजे आकाशचा, आग्रह होता. सोमवारी इसार घ्यायचा होता. नानांची सारी नोकरी सरकारी बोअरच्या गाडीवर गेलेली; म्हणून एकदा त्यांचे मत घ्यावे, या विचाराने दोघे सोनगीरला आले होते.

"भाऊ, हाई बठ्ठं खरं शे का?" लिलाबाईंनी अहिराणीत विचारले.

"सगळं खरं? कागद खोटा नसेल, पण पुरतं बोलत नाही. आकाशराव, खालची बारीक अक्षरं वाचा."

"त्यात एक मीटर... तीनशे साठ ग्रॅम. म्हणजे आणखीच चांगलं की!"

"ऐंशी गुणिले पाच, चारशे. त्यातले तीनशे साठ एकाच मीटरचे. उरलेल्या एकोणऐंशी मीटरच्या वाट्याला अर्धा-अर्धा ग्रॅम. पंगतीत एकाच्या पानात तुपाचा डबा उपडा करायचा आणि सरासरी सगळ्यांना तूप वाढलं म्हणायचं! भोकं किती पाडली?"

"अकरा."

"निकाल कितींचे?"

"तीन भोकांचे. बाकीचे यायचेत."

"चांगली बातमी एसटीने येते आणि वाईट बैलगाडीने, होय?"

"मामा, तुम्हाला दुधातसुद्धा पाणी दिसतं."

"पाणी शोधण्याचाच पगार घेतला मी," नाना म्हणाले आणि चपला घालून निघाले. "चला, एक गोष्ट दाखवतो."

गावामागच्या माळावर काळ्या दगडाची एक लांबलचक भिंत जमिनीतून वर आली होती. माणसाने न बांधलेली; खालून उसळलेला लाव्हारस भेगेत थिजून झालेली.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका भिंतीच्या डोक्यावर मी बोअर घेतला," नाना हळू आवाजात म्हणाले. "सरळ खाली. तीनशे फूट एकच काळा दगड. मी अभिमानाने लिहिलं, दगडाचा साठा तीनशे फूट. त्या कागदावर विसंबून एकाने खडीसाठी अख्खी टेकडी घेतली. लिला, ही भिंत ओलांडून दाखव. पावलं मोज."

लिलाबाईंनी पदर खोचला. "सहा," त्या पलीकडून म्हणाल्या.

"तीही एवढीच होती. मी भिंत आडवी छेदलीच नव्हती. तिच्या अंगातून उभा खाली उतरलो होतो. लांबी भोकाची होती, मी ती दगडाची रुंदी समजलो. त्या माणसाने पुढे मला कधी तोंड दाखवलं नाही. खरं तर मीच त्याला दाखवलं नाही." ते आकाशकडे वळले. "तुमच्या कंपनीने सोन्याची शीर आडवी छेदली की तिच्या अंगाने खाली गेली?"

आकाशने अहवाल वरपासून खालपर्यंत सरकवला. पुन्हा वर नेला.

"भोकाची लांबी लिहिलीय. शिरेची खरी रुंदी... 'अद्याप ज्ञात नाही'."

लिलाबाईंनी पर्समधून फोन काढला आणि गिऱ्हाइकाला एवढेच सांगितले, "सोमवारी येऊ नका. प्लॉट विकायचा नाही."

जावई चिडेल, वाद घालेल, अशी नानांची अटकळ होती. तो मात्र भिंतीकडे बघत उभा होता. नानांना एकदम शंका आली.

"आकाशराव, तुम्ही स्वतः किती घातलेत?"

"गाडी विकली, मामा. समीक्षाला सांगितलंय, गॅरेजला आहे."

लिलाबाईंनी कपाळाला हात लावला. लेकीला, समीक्षाला, काय सांगायचे, या विचारात दोघे बहीणभाऊ गावाच्या दिशेने चालू लागले. मागे पाऊल वाजत नाही म्हणून नानांनी वळून पाहिले.

आकाश भिंतीच्या अलीकडच्या कडेवर उभा राहून पुन्हा पलीकडे निघाला होता. पावले अगदी लहान टाकत, ओठांत मोजत.