उभा लावलेला दगड

१९६७ सालचा हिवाळा, डिसेंबरचा दुसरा आठवडा. त्या आठवड्यात मला खाणीतून काढलं. मी वाळूचा दगड बोलतोय. थोडंच बोलेन.

मी आधी असा नव्हतो. आगीतून निघालेला, ठिपक्याठिपक्यांचा टणक खडक होतो. उन्हापावसानं मला फोडलं, नदीनं दळलं, वाळू केलं. ती वाळू तळाशी थरावर थर बसत गेली. वरच्या भारानं थर आवळले आणि मी पुन्हा दगड झालो. आणखी खोल दबलो, तापलो असतो, तर गारगोटीसारखा कठीण झालो असतो. तेवढ्यात जमीनच वर उचलली गेली. माझे थर तसेच राहिले, वहीच्या पानांसारखे.

एका गवंड्यानं मला निवडलं. थोरल्या बहिणीचं घर बांधत होता. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला. दाराच्या कडेला त्यानं मला उभं केलं. एका दगडात उंची गाठली, दोन दिवस वाचले.

"अरे, टिकेल ना हा?" बहिणीनं विचारलं.

"ताई, पडला तर माझ्या घरी राहायला ये."

"तुझ्या घरी? तुझी बायको आधी मलाच पाडेल."

दोघं हसली. मला हसू आलं नाही. जमिनीत मी आडवा होतो. आता माझी पानं उभी होती आणि पावसाळ्यात त्यांच्या फटींत पाणी शिरणार होतं.

सोळा पावसाळे काढले. सतराव्यात माझा एक थर सुटला आणि ताईच्या डाव्या पायावर पडला. दोन बोटं गेली.

"दगडच कच्चा निघाला," गवंडी ज्याला त्याला सांगत सुटला.

कच्चा! लाखो वर्षं डोंगर पेलला मी. पण बोटं माझ्याच तुकड्यानं गेली, हेही खरं. त्या बाईचं माझ्यावर देणं झालं.

महिन्याभरानं गवंड्याचा म्हातारा गुरू ताईला बघायला आला. दारात थांबून त्यानं माझ्यावर नख फिरवलं.

"ही रेघ कशी जाते रे?"

"वरून खाली," गवंडी म्हणाला.

"आणि खाणीत कशी होती?"

गवंड्यानं तळवा आडवा करून दाखवला.

"आडवी होती ना? मग कच्चा कोण?"

गवंडी आत गेला. ताई खाटेवर होती. "ताई, दगड चांगला होता. मीच घाईत उभा लावला."

ताई उठून बसली. "बरं. मग तो आडवा कर. आणि जमलं तर माझी बोटंही बसव."

तो तिथंच खाली बसून रडला. ताईनं त्याला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं दाराला टेकू लावून मला काढलं. सुटे थर छिनीनं उडवले, उरलेल्या मला उंबऱ्याबाहेर पायरी म्हणून बसवलं. आडवा, खाणीत होतो तसा.

ताई काठी टेकत दारापर्यंत आली. काठी भिंतीला लावली. आधी उजवा पाय ठेवला, मग तीन बोटांचा डावा. सगळा भार माझ्यावर टाकून उभी राहिली.

मी हललो नाही. देणं फिटलं.