सहावा काळा पेला

विश्वासरावांच्या देवासच्या फ्लॅटमध्ये दारूचा थेंब नव्हता, पण दारू प्यायची भांडी मात्र एखाद्या संस्थानिकाला लाजवतील एवढी होती. आणि सगळीच्या सगळी काळी! काळ्या काचेचे उभे पेले, बसके पेले, बारीक देठाचे पेले, बर्फाचं भांडं, झाकणाची सुरई. कुठली जुन्या बाजारातून आणलेली, कुठली बंद पडलेल्या हॉटेलातून. रोज सकाळी ते जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक पेला पुसत. त्यांचे आजोबा दरबारच्या आबदारखान्यात होते. पाणी, सरबत आणि त्यापुढचं जे काय असेल ते पाहुण्यांपुढे अदबीनं धरायचं, हे घराण्याचं काम. नातवाकडे पेले आले, पाहुणे तेवढे आले नाहीत.

बायको गेल्यापासून घरात आवाज असा नव्हताच. मुलगा यशराज हैदराबादला. रविवारी त्याचा फोन यायचा.

"बाबा, सब ठीक?"

"सब ठीक."

संपला रविवार.

त्यांचा लाडका सेट सोनेरी काठाच्या बसक्या पेल्यांचा. सहाचा असायला हवा, पण होते पाच. विश्वासरावांनी मनाशी पक्कं केलं होतं की सहावा मिळाला रे मिळाला की मंडळी बोलवायची, वाळ्याचं सरबत करायचं, गप्पा मारायच्या. अपुऱ्या सेटवर पाहुणे कसे बसवायचे? आजोबा वरून काय म्हणतील! आता मंडळी म्हणजे नेमकं कोण, हे काही त्यांनी अजून ठरवलं नव्हतं. समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या मुलीचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. ती उघड्या दारातून त्यांचं कपाट बघायची आणि पटकन लिफ्टकडे वळायची.

आणि एका दुपारी धारच्या धीरज भंगारवाल्याचा फोन आला.

"साब, मिल गया आपका छठा!"

पाठोपाठ फोटो. विश्वासरावांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. देव्हारा होता. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, आणि त्यांच्या मधोमध सोनेरी काठाचा काळा पेला. त्यात चक्क तुळशीचं पान तरंगत होतं!

"अरे, देव्हाऱ्यात?"

"बाई को मालूम नहीं ना! तीर्थ भरके रखती है. मैंने पैसे बोले, हिली नहीं. आप आके बस इतना बोल दो कि दारू का गिलास है. खुद उठाके बाहर रख देगी."

देवासहून इंदूर आणि तिथं बस बदलून धार. सगळ्या वाटेवर विश्वासराव एकच वाक्य घोळवत होते. 'बाई, क्षमा असावी, पण हा पेला मद्याचा आहे.' किती सभ्य वाक्य! खोटंही नाही. वाक्य बोलायचं, पेला उचलायचा, आणि येत्या रविवारी मंडळी.

जानकीबाईंनी दार उघडलं. विश्वासरावांपेक्षा थोड्या मोठ्या, ठेंगण्या आणि भलत्याच चटपटीत.

"यावे. देवासचे का तुम्ही? थांबा, थांबा, आधी तीर्थ घ्या, मग काय ते बोला."

बोलायला जागाच नाही! त्यांनी उजवा हात पुढे केला. जानकीबाईंनी त्याच पेल्यातून पळीनं पाणी घेऊन तळहातावर सोडलं. गार गार. विश्वासरावांच्या हातावर कोणी आपणहून काही ठेवल्याला इतका काळ लोटला होता की ते पाणी प्यायचं विसरून बघतच राहिले.

"नर्मदेचं आहे," जानकीबाई म्हणाल्या. "आमचे सासरे इथं दरबारच्या फरासखान्यात तंबू शिवायचे. त्यांना कधीतरी हे बक्षीस मिळालेलं. मग आमचे हे मास्तर होऊन निसरपूरला गेले, तसं हेही आलं. गाव धरणाच्या पाण्यात गेलं ना, त्या दिवशी घरातून पहिलं हेच उचललं मी. भरलेलं! ट्रकमध्ये मांडीवर धरून बसले, सांडू दिलं नाही. आता हेही गेले, गावही गेलं. हे तेवढं भरलेलं आहे."

विश्वासरावांनी पाणी पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला. वाक्य जिभेवर तयार होतं.

"तो भंगारवाला म्हणाला, तुमचे आजोबा दरबारचे आबदार होते, असली आणखी पाच तुमच्याकडे आहेत, तुम्हाला जुन्यातलं फार कळतं," जानकीबाईंनी विचारलं. "मग सांगा तरी, हे मूळचं कशाचं पात्र?"

घ्या! आता तर त्यांनीच विचारलं होतं. विश्वासरावांनी तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"तीर्थाचंच आहे. ऊन लागू नये म्हणून दरबारात तीर्थ काळ्या काचेत ठेवत असत. आजोबा सांगायचे."

झालं. सहावा पेला कायमचा गेला. जानकीबाईंचा चेहरा मात्र असा उजळला की काय सांगावं.

"तरीच! आणि बाकीचे पाच तुमच्याकडे? त्यांत कुठलं तीर्थ असतं?"

"ते... रिकामे आहेत."

"अगंबाई! आबदाराचा नातू आणि पात्रं कोरडी?"

त्या उठल्याच. प्लॅस्टिकच्या बाटलीत नर्मदेचं पाणी भरून त्यांनी ती विश्वासरावांच्या पिशवीत कोंबली. "पण ध्यानात ठेवा हं, आमच्याकडे तीर्थ आपल्या हातानं घेत नाहीत. दुसऱ्यानं द्यावं लागतं. शेजारची कृतिका शाळेला जाताना मला देते, मी तिला देते. तुमच्याकडे आहे ना कोणी?"

"आहेत की. पुष्कळ मंडळी आहेत," विश्वासराव म्हणाले. एका बैठकीतलं हे दुसरं खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाचही पेले भरले, वर तुळशीची पानं सोडली. काळ्या काचेत पाणी आहे की नाही, लांबून काही कळत नव्हतं. मग एक पेला आणि पळी घेऊन ते खोलीत उभे राहिले. द्यायचं कोणाला? पंख्याला? पहिलं खोटं पचलं होतं, दुसरं मात्र घशाशी आलं. ते चपला न घालताच बाहेर पडले आणि समोरच्या दाराशी थांबले. पाटीवर नाव होतं, अल्पना. रोज समोर असलेली पाटी त्यांनी आज पहिल्यांदा वाचली आणि घंटी दाबली.

मुलगी हेल्मेट हातात घेऊन, निघायच्या घाईत.

"अंकल? सब ठीक?"

'सब ठीक' ओठांवर आलंच होतं. त्यांनी ते तिथंच थांबवलं.

"तीर्थ आणलंय. नर्मदेचं. एकट्यानं घ्यायचं नसतं म्हणे."

अल्पनानं पेल्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा पेल्याकडे. "अंकल, ये तो व्हिस्की का ग्लास है ना?"

"हो," विश्वासराव म्हणाले. "व्हिस्कीचाच आहे."

ती फस्सकन हसली. "माझी आजी ना, गंगाजल रमच्या बाटलीत ठेवायची. घासघासके लेबल काढलं होतं!" आणि तिनं हात पुढे केला.

"उजवा गं, उजवा."

"सॉरी सॉरी." हेल्मेट काखेत गेलं, उजवा हात पुढे आला. विश्वासरावांनी तळहातावर पाणी सोडलं, ती प्यायली, ओला हात केसांवरून फिरवला.

"आता तू मला दे," असं म्हणून त्यांनी पेला आणि पळी तिच्याकडे दिली आणि हात पसरला. मागं लिफ्ट आली, दार उघडलं, आणि रिकामीच खाली गेली.